दाढेखालची चकली

"तासभर कापूस घट्ट दाबून धरा, बोलू नका," असं दातांच्या डॉक्टरांनी बजावल्यामुळे प्रमिलाताई कढईशेजारी स्टुलावर बसून नुसत्या धुमसत होत्या. दिवाळी चार दिवसांवर, वीस किलो चकल्यांची ऑर्डर, आणि मेली दाढ नेमकी आजच उपटावी लागली! तीस वर्षं प्रत्येक घाण्यातली पहिली चकली त्या त्याच दाढेखाली मोडून बघायच्या. त्यांनी "झाली" म्हटल्यावरच बाकीच्या कढईबाहेर यायच्या. आज झारा सुनेच्या हातात होता.

चकल्या तांबूस झाल्या तशी त्यांनी 'काढ, काढ' म्हणून हात हलवला. रेवतीने गॅस बारीक केला आणि त्या तेलातच ठेवल्या. जळणार आता सगळा घाणा! प्रमिलाताईंनी स्टुलावर हात आपटला.

रेवतीने शांतपणे घाणा काढला, एक चकली निवू दिली आणि सासूबाईंच्या कानाशी नेऊन मोडली. कडकन आवाज आला. असा आवाज त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"दाढ दुखायला लागल्यापासून तुम्ही चकली नुसती टेकवून 'झाली' म्हणता, आई," रेवती म्हणाली. "मऊच असते ती. दोन वर्षं तुम्ही दुपारी आडव्या झालात की मी सगळे घाणे परत तळते."

चांगलं खडसावायचं म्हणून प्रमिलाताईंनी कापसाला बोट लावलं. तास तर कधीच उलटून गेला होता.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि कापूस पुन्हा घट्ट दाबून धरला.