एक जूनची पोरं

"वाढीची रेघ अजून उघडी आहे," डॉक्टर मनगटाची फिल्म उजेडाला धरून म्हणाले. "सतरा भरलेली नाहीत. सोळा, फार तर साडेसोळा."

मिरजेच्या त्या गारठलेल्या खोलीत फुटबॉल शिकवणाऱ्या जयराज सरांनी बिरदेवच्या पाठीत धपका घातला. बिरदेव हसला. त्याचा बाप दादासो हसला नाही.

"ह्यो रिपोर्ट आनखी कुनाला जातो का?" त्यानं विचारलं.

"पुढं आशियाई फुटबॉल महासंघ त्यांच्या डॉक्टरकडून पुन्हा तपासणार," डॉक्टर म्हणाले.

"तसं न्हाई. आपल्या हितं, तालुक्याला वगैरे?"

"तालुक्याला तर आपणच न्यायचाय!" सर म्हणाले.

भानगड अशी होती. सतरा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी भारताच्या शिबिरात बिरदेवचं नाव आलं होतं. माणच्या मेंढरं राखणाऱ्या घरातलं पोर, डाव्या बाजूचा बचावपटू. आशियाई फुटबॉल महासंघाला वयाच्या दोन साक्षी लागतात. एक मनगटाचं हाड, दुसरा पासपोर्ट. हाड सोळा म्हणत होतं. शाळेचा दाखला अठरा म्हणत होता, आणि पासपोर्ट निघणार होता त्या दाखल्यावर.

दाखला खोटा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मास्तरला पट भरायचा होता. पट नसता तर शाळा बंद, आणि शाळा बंद तर मास्तरची बदली. म्हणून त्यानं मेंढरांच्या वाड्यावर येऊन चार वर्षांची पोरं उचलली आणि सहाची करून टाकली. जन्म एक जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. तपासायला आलेल्या एकाही साहेबाला त्यात नवल वाटलं नाही. वर मास्तरचा सत्कार झाला.

"जन्माची नोंदच नाही ना झालेली? मग उशिराची नोंद करायची," सर गाडीत सांगत होते. "हा रिपोर्ट, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि बाळंतपण केलेल्या बाईची साक्ष. उद्याच दहिवडीला प्रांतांपुढं उभं राहू. शुक्रवारी नावं महासंघाच्या कचेरीला, क्वालालंपूरला जातात. नंतर देवसुद्धा काही करू शकत नाही."

दादासो खिडकीबाहेर बघत राहिला. "आवं सर, पुढच्या साली न्हाई का जमायचं?"

"पुढच्या साली हा वयात बसणार नाही! बाप आहात का वैरी?"



घरी प्रांजलनं चहा दिला. बिरदेवची आक्का. दाखल्यावर अठरा भरताच जूनमध्ये उजवलेली, पहिल्या दिवाळीला माहेरी आलेली. नवरा फौजेत. चौथा महिना लागला होता आणि तोंडावर रया नव्हती. आई गेल्यापासून हे घर तिनंच ओढलं होतं.

"आक्के, हाड पास झालं माझं!"

"डोस्कं कवा व्हनार रं?" ती म्हणाली. मग बापाकडं वळली. "उद्या साक्षीसाटी दगडाआज्जीला मी धरून आनते. तिला गाडीतनं उतराय येत न्हाई."

"तुझं काय काम तितं?" दादासो एकदम उसळला. "उलट्या थांबत न्हाईत तुझ्या. गप घरात पड."

"मी येनार."

एवढंच बोलून ती कपबश्या उचलून आत गेली.

सकाळी गाडीत बसण्याआधी दादासोनं म्हाताऱ्या सुइणीला, दगडाबाईला, बाजूला घेतलं. "इचारत्याल तेवढंच सांग, आज्जे. पाल्हाळ नगं."

"मी कवा खोटं बोलले रं?"

"खोटं बोल म्हनलं का मी? तेवढंच सांग म्हनतो."

प्रांत मॅडमनी कागद दोनदा वाचले. "भरतीच्या दिवसांत रोज दोघं येतात, वय कमी करून द्या म्हणून. नुसत्या हाडावर मी आदेश देत नाही. साक्षीदार कोण?"

दगडाबाई पुढं झाली. तिचा हात धरून प्रांजल.

"या कोण?"

"थोरली लेक माझी," दादासो घाईनं म्हणाला. "म्हातारीला धरायला आलीया नुसती."

प्रांजलनं पदर तोंडाला लावला होता. मॅडमचा आवाज मऊ झाला. "बसा, बाई. कितवा?"

"चवथा," प्रांजल म्हणाली. बसली नाही.

मॅडम म्हातारीकडं वळल्या. "आज्जी, आजवर किती बाळंतपणं केलीत?"

"मोजली कुनी? दोन-अडीचशे आसत्याल."

"मग याचंच साल कसं आठवतं?"

दगडाबाईनं कमरेच्या पिशवीतून चुरगळलेली लग्नपत्रिका काढली. "माझ्या नातीचं लगीन. हळदीच्या दिवशी सांगावा आला, तशीच हळदीच्या हातानं वाड्यावर गेले. पत्रिकेवर साल हाय बगा."

मॅडमनी साल पाहिलं, मनात हिशेब केला. जुळत होतं. तरी पेन उचललं नाही. "त्या दिवशी बाळंतपण केलंत, मान्य. पण ते याच पोराचं, हे कशावरून? अडीचशेतलं दुसरं कुठलं नसेल कशावरून? नाही पटलं तर मी अर्ज नामंजूर करणार."

सर घड्याळाकडं बघायला लागले.  बिरदेवला लहानपणापासून रडताना कुणी पाहिलं नव्हतं. आता त्याचे डोळे भरले.

दगडाबाईनं दादासोकडं पाहिलं. त्याची मान खाली होती. तिनं बिरदेवकडं पाहिलं. शेवटी प्रांजलकडं पाहिलं, आणि प्रांजलनं तिचा हात जरा दाबला.

"चुकंन कशी, बाई? तसलं बाळंतपन मी जन्मात येकदाच केलं."

"तसलं म्हणजे?"

दादासो खुर्चीतून उठला. "मॅडम, झालं की आता, लिवून टाका."

"तुम्ही बसा. आज्जी, बोला."

म्हातारीनं प्रांजलचा हात वर धरला.

"आदी ही आली. आन् घटकाभरानं हिच्या मागनं ह्यो."