मध, मनुका आणि धूर

कोलशेतच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे जुनी सिंगल माल्ट व्हिस्की आली, की बाटली आधी एकट्या राहणाऱ्या सिल्वेस्टर अंकलकडे जाते. त्यांनी चाखून पास केल्याशिवाय कुणी ती पीत नाही.

रविवारी ज्यूड अंकल अठरा वर्षांची स्कॉच खोक्यासकट घेऊन आले. माझं बाळ सिल्वेस्टर अंकलच्या मांडीवर होतं. त्यांनी ग्लास हुंगला, एक घोट घोळवला. "मध, मनुका, आणि मागून जरासा धूर."

"मानलं रे तुझ्या नाकाला," म्हणत ज्यूड अंकल खुशीत घरी गेले.

तेवढ्यात बाळाने शी केली. खोलीभर वास सुटला, तरी सिल्वेस्टर अंकल त्याला निवांत झुलवत होते.

"अंकल, वास नाही आला तुम्हाला?"

 

"कोविडपासून कसलाच येत नाही गं. खोक्यावर चव छापलेली असते, ती वाचून सांगतो. ज्यूडला बोलू नको हां, मग माझी बेल कोण वाजवेल?"