बाळकू चौगल्यांची शिकवणी

दूध संघाच्या खवा विभागातले बाळकू चौगले म्हणजे क्विंटलभराचा ऐवज. काळीज बिघडलेल्या अशा वजनदार कामगारांना संघाच्या दवाखान्यात रोज दुपारी खुर्चीत आडवं करून एक बोलकं यंत्र अंग सैल सोडायला शिकवी. ज्याच्या आवाजानं काळीज शांत होईल, त्याचाच आवाज ते यंत्र काढी. बाळकूंशी ते त्यांच्या वारलेल्या बायकोच्या, शेवंताच्या आवाजात बोले.

"आज परत पेढे खाल्ले व्हय?"

खाल्लेच होते. काळीज सुधारलं की शिकवणी बंद, हे कळल्यापासून बाळकू चोरून पेढे रिचवत होते. पण शेवंता रोज कानाशी बोलत असताना पेढ्यांची काय टाप? काळीज बेटं घोड्यासारखं ठणठणीत झालं.

"काका, आज शेवटचं हं," सिस्टर म्हणाली. "उद्यापासून खुर्ची दुसऱ्याला."

"आणखी थोडं बिघडवून आणू का?"

"गप पडा बघू."

बाळकूंनी डोळे मिटले.

"श्वास घ्या," शेवंता म्हणाली. "आता सावकाश सोडा, की झालं."

बाळकूंनी श्वास छातीतच धरून ठेवला. तो सुटल्याशिवाय यंत्राला शिकवणी संपवता येत नव्हती.

"अहो, सोडा की," शेवंता म्हणाली. "सोडा म्हणते ना."

बाळकूंचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी ओघळलं, तरी ते ओठ घट्ट मिटून ऐकत राहिले.