राखीव सेट

"हात लावू नको त्याला!" काका ओरडले. सिग्नलवाल्याचा हात अजून मांडणीपर्यंत पोचलाही नव्हता.

डोंगरावरच्या लष्करी चौकीवरून तो चालत खाली आला होता. बूट घोट्यापर्यंत चिखलात बरबटलेले. चौकीचा बंद पडलेला रेडिओ त्याने पाठीवरून उतरवून मेकॅनिकच्या टेबलावर ठेवला होता. तिने मागचं झाकण काढून आत टॉर्च मारला, तर आत पाणी शिरलेलं, तारा हिरव्या पडलेल्या, अर्धं जळून काळं झालेलं. "हा इथं नाही व्हायचा," ती म्हणाली होती, आणि म्हणूनच त्याचा हात मांडणीकडे गेला होता.

मांडणीवर रेडिओचे सेट ओळीने बसले होते. नवा हिरवा रंग, घासूनपुसून चकचकीत केलेल्या काचा. दर आठवड्याला मेकॅनिक त्यांची झाकणं उघडायची, ब्रशने धूळ झाडायची, एकेक प्लग दाबून बघायची, सैल स्क्रू आवळायची, आणि शेवटी हेडफोन लावून नीट ऐकू येतंय ना ते तपासायची. यातल्या एकानेही आजवर स्टोअरचा उंबरठा ओलांडला नव्हता. घरजावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही.

काका या स्टोअरचे प्रमुख आणि मेकॅनिकचे सख्खे काका. तिला इथे चिकटवलं त्यांनीच. कामावर मला साहेब म्हणायचं, ही अट पहिल्याच दिवशी घातली होती.

"ते राखीव आहेत," काका म्हणाले. "सोमवारी पाहणी आहे. बडे साहेब स्वतः येतात."

"राखीव कोणासाठी? आमच्यासाठीच ना?"

"राखीव म्हणजे राखीव. तू मागणी पाठव. मंजुरी आली की नवा मिळेल."

सिग्नलवाला टेबलाला टेकला. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता तो उभाही राहू शकत नव्हता.

"परवा आम्हाला मागे यायचा हुकूम आला होता," तो म्हणाला. "या डबड्यात तो ऐकूच आला नाही. आम्ही बसलो तिथेच, आणि आपल्याच तोफांचे गोळे आमच्या डोक्यावर पडले. आमचा आचारी गेला. बाकीचे अजून वरच आहेत. पुढचा हुकूम सुटला तर ऐकायचा कोणी?"

"परवा दुपारी?" मेकॅनिकने विचारलं.

"हो."

"'गरुड, मागे या. गरुड, मागे या.' असंच ना?"

त्याने चमकून वर पाहिलं. "गरुड म्हणजे आम्हीच. तुम्हाला कसं माहीत?"

तिने मांडणीच्या कडेच्या सेटकडे बोट केलं. "तो तपासत होते मी. किती वेळ बोलावत होते तुम्हाला. मला वाटलं, देतील उत्तर. आवाज इतका स्वच्छ येत होता की मी खूश झाले."

तिचे कान तापले होते. राग काकांचा होता, पाहणीचा होता, आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त होता. परवा हेडफोन काढून, पुसून, जागच्या जागी ठेवून ती निवांत घरी जेवायला गेली होती.

"काका, द्या त्याला एक."

"साहेब म्हण."

"काका!"

काकांचा आवाजही चढला. "माझ्या हातात असतं तर अडवला असता का मी? एक जागा रिकामी दिसली तर साहेब माझी सालटी काढतील. चांगला सेट बाहेर जातच नाही इथून, नापास झालेलाच जातो. गेल्या पाहणीत एकावर नखाएवढा ओरखडा सापडला. धडधाकट चालत होता बिचारा, पण तिथल्या तिथे भंगारात काढायला लावला. अशी तऱ्हा आहे इथली. त्याला मी काय करू?"

"आणि भंगाराचं पुढे काय होतं?"

"भंगाराला कोण विचारतंय?"

बोलून गेल्यावर काकांच्या लक्षात आलं. तोवर तिने कडेचा सेट खाली उतरवला होता.

खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिने तो नव्या रंगावर टेकवला आणि सगळा जोर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. पत्रा किंचाळला. काकांनी डोळे मिटून घेतले. मग तिने आडवा दुसरा ओरखडा काढला. एवढ्याने तिचं समाधान झालं नाही, म्हणून तिसराही काढला.

"नापास," ती म्हणाली, आणि सेट सिग्नलवाल्याच्या हातात दिला. "भंगार आहे हे. बाहेर घेऊन जा."

त्याने हेडफोन कानाला लावून बटण फिरवलं. क्षणभर ऐकलं. मग पट्टे खांद्यावर चढवले.

"शेजारच्या चौकीचा सेट चालतो का?" तिने विचारलं.

त्याने काकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. नाही.

तिने दुसरा सेट उतरवला.

"अगं, वेड लागलं का तुला?" काका तिच्या आणि मांडणीच्या मध्ये येऊन उभे राहिले. "सोमवारी पाहणीला मी दाखवू काय?"

"मांडणी दाखवा," ती म्हणाली. "चकचकीत पुसून देते."