टेकडीवरचं कुरण

शेवटचा बोल्ट काही केल्या सुटेना. डेलने पान्यावर पाय देऊन जोर लावला, तेव्हा करकरत तो एकदाचा फिरला. भंगारात आलेल्या त्या आलिशान गाडीचं नाक पार चेचलं होतं, पण बटण दाबलं की वरखाली, मागेपुढे होणारी सीट धडधाकट होती.

"ही सीट तुझ्या खटारा पिकअपमध्ये? राणीला गोठ्यात बसवतोयस, लेका!" सीट उचलू लागता लागता शेजारचा क्लाइड म्हणाला.

"राणीच बसणार आहे," डेल म्हणाला.

राणी म्हणजे रॉबर्टा, त्याची बायको. स्नायूंच्या आजाराने आधी तिचे पाय गेले, मग डावा हात. उजव्या हाताची बोटं तेवढी हलत. तिला उठवणं, भरवणं, कुशीवर वळवणं सगळं डेलच करी. घरी असला की क्षणभरही तिला नजरेआड होऊ देत नसे. टेकडीवरच्या कुरणात एकदा जाऊन यावं, एवढंच तिने मागितलं होतं. तिथवर फक्त पिकअप जाई, आणि त्यातल्या सपाट बाकावरून ती घसरे.

सीटची भोकं पिकअपच्या तळाशी जुळेनात. डेलने लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या, बॅटरीपासून वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला. बटण दाराच्या बाजूला, नेमकं तिच्या उजव्या हाताखाली आलं.

रविवारी त्याने तिला उचलून बसवलं, पट्टा बांधला आणि टेकडीवर नेऊन इंजिन बंद केलं. खाली गायी चरत होत्या. रॉबर्टाचं बोट बटणावर सरकलं. सीट हळूहळू वर आली.

"मी केलं," ती म्हणाली.

"तूच केलंस! अजून वर घे, ओढासुद्धा दिसेल."

तिने बोट बटणावरून उचललं.

"डेल, तू खाली उतर. जरा लांब जा. कुंपणापर्यंत."

"का गं? दुखतंय का काही?"

"नाही. जा ना."

तो कुंपणाशी गेला. न राहवून त्याने वळून पाहिलं. सीट मागे कलत होती. रॉबर्टाचा चेहरा उघड्या खिडकीच्या कडेखाली उतरत उतरत दिसेनासा झाला. तो धावत निघणार, एवढ्यात वाऱ्यावर तिचा आवाज आला. ती हमसून हमसून रडत होती.

डेलचं पाऊल तिथेच थबकलं. आजार जडल्यापासून आपली बायको एकदाही रडली नाही, असं तो गावभर कौतुकाने सांगत आला होता.