गोळ्यांवर प्रार्थना

मार्थाने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ब्रदर सेबेस्टियन उघड्या बायबलमधल्या ज्या ओळीवर बोट ठेवून होते, नेमकं त्याच ओळीवर ठेवलं.

"यावर आशीर्वाद द्या."

ब्रदरनी बोट काढून घेतलं. वटार गावातल्या केळीच्या वाडीत, पत्र्याच्या शेडखाली, दर शनिवारी ते समुपदेशन करत. अगदी रीतसर. तीन महिन्यांचा कोर्स झाला होता, सर्टिफिकेट लॅमिनेट करून खांबाला अडकवलं होतं. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं टोकन घेऊन बसली होती. समुपदेशन खासगीत व्हावं असं कोर्समध्ये शिकवलेलं. म्हणून मध्ये एक उभा पंखा फुल स्पीडवर ठेवला होता. त्याच्या घरघरीत मागच्यांना काही ऐकू जात नसे.

"मार्थाबाय, हे काय?"

"ऑस्टिनच्या गोळ्या. घेत नाही तो. तुम्हीच सांगितलंत ना त्याला, अर्धा विश्वास देवावर नि अर्धा गोळीवर, असं चालत नाही म्हणून?"

"गोळ्या बंद कर असं कुठे म्हटलं मी? मी विश्वासाबद्दल बोललो."

"त्याने गोळ्यांबद्दल ऐकलं."

ऑस्टिन शेजारच्याच खुर्चीवर होता. चोवीस वर्षांचा तिचा मुलगा, मान तिरकी करून पंख्याचं काहीतरी ऐकत होता. अकरा दिवस तो गोळी जिभेखाली धरून आईसमोर पेलाभर पाणी पीत होता आणि मग ती गोळी घरच्या अल्तारावरच्या मरियामातेच्या मूर्तीमागे नेऊन ठेवत होता. आज सकाळी धूळ पुसताना मार्थाला त्या सापडल्या. सगळ्या एका रांगेत, अर्पण केल्यासारख्या. दोन रात्री त्याला झोप नव्हती. विहिरीचा पंप आपल्याला नावाने हाका मारतो म्हणत होता.

सकाळपासून ती फिरत होती. विरारच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर ॲडमिट करावं लागेल. तुम्ही समजवा त्याला. फादर म्हणाले, गोळ्या हव्यातच, देवाने डॉक्टर काय उगाच दिलेत? पण ब्रदर मनाला लावून घेतात हो, तुम्ही समजवा त्यांना. काय करायला हवं ते प्रत्येकाला नेमकं ठाऊक होतं आणि ते करायला मार्था होती.

"मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो," ब्रदर म्हणाले. "तेल लावू."

"तेल आहे घरी. तीन बाटल्या आहेत."

"पण आशीर्वाद फादर देतात, बाय. मी फक्त प्रार्थना करतो."

"मग प्रार्थना करा. पण गोळ्यांवर."

"तशी पद्धत नाही."

"नाही?" मार्थाचा आवाज पंख्याच्या वर गेला. "माझ्या दिराच्या टेम्पोवर केलीत. शेजारच्या जॉयलच्या बोअरवेलवर अर्धा तास केलीत, आम्ही उन्हात उभे. बोअरला पंप आधी बसवला होता की नाही? का विश्वासाने पाणी चढलं टाकीत?"

"पंप वेगळा."

"कसा वेगळा?"

ब्रदरनी खांबावरच्या सर्टिफिकेटकडे पाहिलं. त्यात पंपाचं काही नव्हतं.

"इथे येणारी माणसं विश्वासाने येतात," ते खाली वाकून म्हणाले. "मीच गोळ्यांवर हात ठेवून बसलो, तर लोक काय म्हणतील?"

"ब्रदर, त्याला माझं ऐकू येत नाही. डॉक्टरांचं येत नाही. पंपाचं येतं आणि तुमचं येतं. दोघांपैकी मी तुमच्याकडे आले."

ब्रदरनी दोन बोटं पाकिटावर टेकवली, तापलेल्या तव्यावर टेकवावी तशी, आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले.

मार्था उठली. तिने पंखा बंद केला.

"मोठ्याने. त्याला ऐकू जाऊ दे."

शेड एकदम शांत झाली. खुर्च्यांवरच्या माना वर आल्या.

"प्रभू," ब्रदर म्हणाले. आता माघार घ्यायला जागा नव्हती. "या... या औषधातून तुझ्या लेकराला बरं कर. त्याला ते रोज घ्यायची बुद्धी दे. आमेन."

"आमेन," ऑस्टिन म्हणाला.

मागून कुणीच आमेन म्हणालं नाही. मग एका पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतली अर्नाळ्याची आल्बिना म्हातारी गुडघ्यावर हात रेटून उभी राहिली. तिच्या मुठीत चुरगळलेलं पाकीट होतं.

"ब्रदर, माज्या पन प्रेशरच्या गोल्या हायत. दोन वर्सं तुमच्यापासून लपून खाते."

आणखी एक चेन उघडली. मग आणखी एक. कुणीतरी मागून विचारलं, इन्सुलिन चालेल का, फ्रीजमध्ये आहे.

"टोकनप्रमाणे!" ब्रदर ओरडले. "टोकनप्रमाणे या!"

तेवढ्यात ऑस्टिनने स्वतःच पाकीट उचललं, एक गोळी काढली आणि आईच्या बाटलीतल्या पाण्याबरोबर घेतली. मग त्याने तोंड मोठं उघडलं आणि जीभ वर केली. आईकडे नाही, ब्रदरकडे बघत.

ब्रदर त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय बघायचं असतं यात?" त्यांनी मार्थाला हळूच विचारलं.

"जिभेखाली. आणि दोन्ही गालांत, आतल्या बाजूला."

ब्रदरनी बायबल मिटलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि वाकून आत पाहू लागले.