चांगली लाइन

बाळ झोपलं, तशी कानांची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टनं त्याच्या आईला बाहेर बसायला सांगितलं. आई जवळ असली की दुधाच्या वासानं बाळं जागी होतात, हा तिचा या कामातला रोजचा अनुभव. आत राहिले बाळाचे आजोबा, आईचे वडील. मांडीवर बाळ. त्याच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवलेल्या, कानांत इवलेसे इअरफोन.

टिक-टिक सुरू झाली. दोन हजार ठोके होऊन गेल्यावर पडद्यावर रेघ उमटली. सुरुवातीला एक ठसठशीत उंचवटा, पुढे सगळं सपाट.

"असे उंचवटे किती पाहिजेत?" आजोबा कुजबुजले.

"पाच. पहिला कानाच्या नसेचा. पुढचे, आवाज मेंदूकडे चढत जातो तसे."

"म्हणजे कान ठीक आहे."

"आजोबा, निकाल डॉक्टर सांगतील."

"निकाल कोण विचारतंय? पस्तीस वर्षं टेलिफोनचा लाइनमन होतो मी. आवाज इकडून निघतो आणि मधेच कुठं गडप होतो, हे शोधण्यातच जन्म गेला."

तिला हसू आलं. तिनं दुसरा कान तपासला. तिथेही एकच उंचवटा. पुन्हा घेतलं. नवी रेघ जुन्या रेघेवर तंतोतंत बसली.

आजोबांनी बाळाच्या मिटल्या पापण्यांकडे पाहिलं. "याचे डोळे भिरभिरतात ना, याच्या मामाचेही असेच भिरभिरायचे. मान धरेना, बसता येईना. सहा वर्षं दवाखाने झिजवले, तेव्हा कुठं कळलं की मेंदूतल्या तारांवरचं वेष्टणच नीट तयार झालेलं नाही. म्हणून पोरगी म्हणाली, याचं आधीच बघून घेऊ." त्यांनी मशीनकडे मान वळवली. "पण ताई, मशीनमध्येही खोट असू शकते ना? लाइनला नावं ठेवायच्या आधी यंत्र चांगल्या लाइनवर लावून बघायचं, असा आमचा नियम होता."

तो नियम तिला आवडला. खरं तर तिलाही तेच हवं होतं.

"चांगली लाइन कुठून आणू?"

"ही काय, समोर बसलीय. टक्कलही आहे, फर्स्टक्लास चिकटेल."

बाळाला अलगद खाटेवर निजवून तिनं त्याच तारा आजोबांना लावल्या. "डोळे मिटा. जबडा सैल सोडा. बोलायचं नाही."

"हे शेवटचं अवघड आहे," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

टिक-टिक थांबल्यावर त्यांनी घाईनं डोळे उघडले आणि पडद्यासमोर बोट धरून मोजू लागले. एक. दोन. तीन. शाळकरी मुलासारखा चेहरा उजळला होता. चार. पाचव्यावर बोट तसंच राहिलं. पाचवा सगळ्यांत उंच होता.



तेवढ्यात दार किलकिलं झालं. आईनं डोकं आत घातलं आणि तोंडावर हात धरून हसली. "बाबा, अहो, तपासणी कुणाची चाललीय?"

"मशीन बघत होतो."

"का? बिघडलंय?" तिनं केवढ्या आशेनं विचारलं.

आजोबांनी कपाळावरची तार सावकाश सोडवली.

"नाही गं," ते म्हणाले. "मशीन चांगलं आहे."